कपाटात सापडलेली नोट खर्चावी की ठेवावी?

एखादी दोनची नोट, ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचची, नाहीतर पासबुकाच्या कव्हरात राहून गेलेली दोन हजारांची गुलाबी. अशी नोट हाती लागली की घरात कुणीतरी म्हणतंच, "जपून ठेव, पुढे लाखाला जाईल." मी पंचवीस वर्षं नोटा जमवतो आहे, नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या डब्यांतल्या नोटा बघून देतो आहे, आणि हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. याच वाक्यापायी लोकांनी दोन हजारांच्या नोटा कपाटात अडकवून ठेवल्या आणि खरोखर ठेवण्याजोग्या नोटा लॅमिनेट करून घालवल्या. नोट किती जुनी आहे, हा पहिला प्रश्नच नाही. ती कायद्याने चालते का आणि तिचा कागद कोणत्या अवस्थेत आहे, हे आधी बघा.

आधी कायद्याने वेगळ्या करा

एक, दोन आणि पाच रुपयांच्या जुन्या नोटा आजही वैध चलन आहेत. एकची छपाई १९९४ मध्ये आणि दोनची १९९५ मध्ये थांबली, कारण छपाईचा खर्च परवडेना आणि नाणी जास्त टिकतात. पण छपाई थांबली म्हणजे नोट रद्द झाली नाही. एकची नोट तर २०१५ पासून पुन्हा छापली जाते. दुकानदार घेत नसेल तर वाद घालू नका, बँकेत खात्यावर भरा.

दोन हजारांची नोट रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ रोजी चलनातून मागे घेतल्याचं जाहीर केलं. बँकांत भरण्याची आणि बदलून घेण्याची मुदत वाढवून ७ ऑक्टोबर २०२३ केली, तीही संपली. तरी नोट वैध आहे. आता ती रिझर्व्ह बँकेच्या १९ इश्यू कार्यालयांतच, म्हणजे नोटांचे व्यवहार बघणाऱ्या कार्यालयांतच जाते. आपल्याकडे मुंबई, बेलापूर आणि नागपूर. बदलून घ्यायची मर्यादा एका वेळी २०,००० रुपयांची. जाणं जमत नसेल तर पोस्टाने पाठवून पैसे आपल्या खात्यात जमा करून घेता येतात. सोबत अर्ज आणि ओळखपत्राची प्रत लागते.

या नोटेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ठेवू नका. मागे घेतली त्या दिवशी ३.५६ लाख कोटी रुपयांच्या दोन हजारी नोटा लोकांकडे होत्या. २०२५ च्या मध्यावरही सुमारे सहा हजार कोटी रुपयांच्या परत आलेल्या नव्हत्या, म्हणजे तीन कोटी नोटा. जिचे तीन कोटी नग बाहेर आहेत त्या वस्तूला दुर्मीळ म्हणत नाहीत. तेच दोन हजार सात टक्क्यांनी ठेवले तर दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होतात. मंगळयानाचं चित्र आवडतं म्हणून एखादी करकरीत नोट अल्बममध्ये लावायची असेल तर जरूर लावा. गुंतवणूक समजून गठ्ठा मात्र ठेवू नका.

नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारांच्या नोटांचं प्रकरण वेगळं आहे, आणि इथे लोक नकळत कायदा मोडतात. २०१७ च्या कायद्यानुसार अशा दहापेक्षा जास्त नोटा बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. दंड किमान दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी मूल्याच्या पाचपट, यांतली जी रक्कम जास्त असेल ती. आजीच्या ट्रंकेत तीस नोटा सापडल्या तर त्या "आठवण" म्हणून पुरून ठेवू नका.

मग नोट ओळखा

सही कुणाची, साल छापलेलं असेल तर कोणतं, क्रमांकावर छापलेलं बारीक इंग्रजी अक्षर कोणतं, एवढं कागदावर उतरवून घ्या. भाव याच तीन गोष्टींवर फिरतो. एकच्या नोटेवर गव्हर्नरची सही शोधू नका. ती नोट भारत सरकारची असते आणि तिच्यावर अर्थ सचिव सही करतात, म्हणूनच तिच्यावर "मैं धारक को" हे वचनही नसतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या एकच्या नोटांवर मनमोहन सिंग यांची सही दिसेल. ब्रिटिश राजे सहावे जॉर्ज यांचं चित्र आणि चिंतामणराव देशमुखांची सही असलेली नोट मराठी घरात निघाली तर बाकी काही बघू नका, ठेवा. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर महाडजवळच्या नाते गावचा होता, हे मुलांना नोट दाखवून सांगता येतं.

क्रमांकात चांदणी असलेली नोट नकली नसते. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी ती गड्डीत घातलेली असते, आणि तिची किंमत इतर नोटांएवढीच असल्याचं रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. ७८६ वाल्या नोटेला गिऱ्हाईक मिळतं, पण नोट कोरी, म्हणजे न वापरलेली असेल तर. आणि लाखांत नाही.

कागद वाचणं, म्हणजे खरं काम

इथेच सगळे घसरतात. मीही घसरलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

१९९८ मध्ये आत्याने मला पत्र्याच्या एका डब्यातून दोनच्या सात नोटा दिल्या. ओळीने क्रमांकाच्या, एकाच गड्डीतल्या. त्यातली चौथी मधोमध दुमडलेली होती. बाकीच्या सहांशेजारी ती डोळ्याला खुपायची. मी ती रुमालात घातली आणि मंद इस्त्री फिरवली. घडी गेली. निदान मला तसं वाटलं. पुढे मुंबईत फोर्टमधल्या एका जुन्या व्यापाऱ्यापुढे सातही मांडल्या. त्याने एकेक नोट खिडकीकडे तिरकी धरली. चौथीला तो थांबला, नोट उलटी केली, क्रमांकाच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि ती बाजूला ठेवली. मला काही विचारलंही नाही. सात सलग नोटांची मधली कडी मी स्वतःच्या हाताने मोडली होती.

त्याच्या अंगठ्याला काय कळलं ते मला नंतर समजलं. क्रमांक छापताना कागदावर दाब पडतो. कोऱ्या नोटेच्या मागे त्या आकड्यांचा हलका उठाव बोटाला लागतो. इस्त्रीने किंवा जाड पुस्तकाखाली दाबून ठेवल्याने तो बसतो. आणि घडी जातही नाही. कागदाचे धागे तिथे मोडलेले असतात, ते तसेच राहतात.

तेव्हा बघायचं असं. दिवसा, खिडकीशी, दिवा बंद करून. हात धुऊन कोरडे करा. नोट डोळ्याच्या पातळीवर आडवी धरून उजेड बाजूने येऊ द्या आणि सावकाश कलवा. घडी असेल तर एक बारीक रेघ चमकून जाईल. मग नोट उजेडासमोर उभी धरा, म्हणजे मागून प्रकाश येईल. मोडलेली रेघ, टाचणीची छिद्रं, चिकटवलेली फट, सगळं इथे दिसतं. डाव्या बाजूची दोन-चार छिद्रं बघून निराश होऊ नका. बँका पूर्वी गड्ड्या स्टेपल करायच्या, त्यामुळे जुन्या भारतीय नोटांना ती असणारच, आणि खरेदी करणारा ती धरूनच चालतो. कोपरे मात्र नीट बघा. कोरा कोपरा सुईसारखा टोकदार असतो. जरा गोल झाला की नोट हातोहात फिरलेली आहे.

धुतलेली नोट ओळखणं याहून अवघड, आणि फसवणूक इथेच सर्वांत जास्त होते. धुतलेली नोट पहिल्या नजरेला स्वच्छ, छान दिसते. पण तिचा आवाज गेलेला असतो. कोरी नोट हलवली की करकरते, धुतलेली लोंबते. खात्री करायची तर दुकानदार नकली नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा घ्या. नोटेचा कागद कापसाचा असतो आणि त्या दिव्याखाली मंदच राहतो. साबणाच्या पावडरीत कपडे शुभ्र दिसावेत म्हणून जे द्रव्य असतं ते कागदात उतरलं, की अख्खी नोट निळसर पांढरी उजळते. हा दिवा खिशात टाकल्याशिवाय मी कुठल्याही प्रदर्शनात जात नाही.

म्हणून माझी एकच सक्त सूचना: तुमच्या नोटेला काहीही करू नका. धुऊ नका, खोडरबर लावू नका, इस्त्री नको, सेलोटेप तर नकोच. पिवळी पडलेली, आमटीचा डाग असलेली नोट तशीच राहिली तर ती निदान खरी आहे. "सुधारलेली" नोट जाणकाराच्या हातात गेली की दोन मिनिटांत उघडी पडते, आणि मग तुमच्या बाकीच्या नोटांकडेही तो संशयाने बघतो.

आता निकाल

वैध आहे, चुरगळलेली आहे, सही नेहमीची आहे: खर्च करा. नव्वद टक्के नोटा याच वर्गातल्या असतात आणि त्यात वाईट काही नाही. ऐंशीच्या दशकातल्या वापरलेल्या एकच्या नोटा मी व्यापाऱ्यांच्या डब्यात दहा-वीस रुपयांना पडलेल्या बघतो. तुमची तशीच नोट तो तुमच्याकडून किती रुपयांना घेईल, याचा हिशोब करा. २०१५ नंतरच्या एकच्या नोटा घरात असतील तर १०१ किंवा ५०१ च्या आहेरात वरचा रुपया म्हणून घाला. नाण्याने पाकीट फाटतं तसं नोटेने फाटत नाही आणि घेणाऱ्याला आवडतं. त्या नोटेच्या मागे मुंबईजवळच्या समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्रावरच्या सागर सम्राट या तेलविहिरी खोदणाऱ्या फलाटाचं चित्र आहे, ते दाखवायला विसरू नका.

कोरी आहे, किंवा सलग क्रमांकांची गड्डी आहे, किंवा सही कमी दिसणारी आहे: ठेवा आणि भाव काढा. भाव म्हणजे ऑनलाइन कुणी मागितलेला आकडा नव्हे. मागायला कुणीही पाच लाख मागू शकतो. लिलावात शेवटी काय आकड्याला गेली ते बघा, दोन-तीन व्यापाऱ्यांना प्रत्यक्ष नोट दाखवा, आणि त्यांची खरेदीची किंमत विक्रीपेक्षा बरीच कमी असेल हे धरून चला. दुकानाचं भाडं त्यातूनच निघतं.

आणि ज्या "खरेदीदारा"ने नोंदणी फी, कमिशन किंवा कर आधी मागितला, त्याचा फोन तिथेच ठेवा. रिझर्व्ह बँक जुन्या नोटा अशा विकत घेत नाही, आणि तिच्या नावाने कुणी असे पैसे मागितले तर ती फसवणूक आहे, हे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी ट्रॅक्टरच्या नोटेसाठी तीन वेळा फी भरली. नोट अजून त्यांच्याकडेच आहे.

घरातल्या माणसाची नोट आहे: भाव काढूच नका, ठेवा.

ठेवायची कशी

लॅमिनेशन म्हणजे नोट कायमची गेली. बाजारातल्या स्वस्त, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्याही नकोत. त्या काही वर्षांत चिकट होतात आणि नोटेला धरतात. पॉलिप्रॉपिलीनचं किंवा मायलारचं, म्हणजे न चिकटणाऱ्या प्लास्टिकचं पाकीट घ्या, नोट न दुमडता सरकवा. डांबरगोळ्यांचं कपाट टाळा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि दसऱ्याला बदला.

नोटेवर पेन लावू नका. कुणाची, कधीची, कुठून आली, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा आणि पाकिटामागे ठेवा. त्या सात नोटा मी विकल्या नाहीत. अल्बममध्ये त्यांच्यामागे चिठ्ठी आहे: "आत्याकडून, १९९८. क्रमांक सलग. चौथी इस्त्री केलेली."