जपानी आणि कोरियन उच्चार मराठीतूनच बसवा

नाशिकला कॉलेज रोडवर संध्याकाळी माझे वर्ग असतात. जपानीला येतात ती बहुतेक सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली मुलं, कोरियनला कॉलेजच्या मुली. दोन्ही वर्गांना पहिल्याच दिवशी सांगते, रोमन अक्षरांत लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. बाजारातली पुस्तकं आणि ॲप इंग्रजी बोलणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. त्यांना जे जड जातं ते आपल्या तोंडात आधीच असतं, आणि आपण जिथे खरे अडतो त्याबद्दल तिथे अवाक्षर नसतं.

टी हे अक्षर दिसलं की आपण ट म्हणतो. म्हणून टोकियो, टोयोटा. जपानीत ट नाहीच. जीभ दातांमागे लावायची, म्हणजे आपला सरळ त. तोओक्योओ, तोयोता. ड ऐवजी द. एवढी एक सवय मोडली तरी बोलणं लगेच जवळचं वाटायला लागतं.

इंग्रजी पुस्तकं ज्या 'त्सु'वर पानं खर्च करतात तो आपल्या चुलीतला चु आहे. जपानी त-ची ओळ ता, चि, चु, ते, तो अशी जाते. त्यातला चि चिंचेतला, चु चुलीतला. मराठी माणूस हे दोन च दिवसभर न चुकता बोलतो, कुणी शिकवलेलं नसतं. तेव्हा त्सुनामी म्हणताना जोडाक्षराशी झटापट करू नका, चुलीतल्या चु ने सुरुवात करा.

अनुस्वाराचंही तसंच. संप, संत, शंख हे तीन शब्द सावकाश म्हणा; अनुस्वार एक, पण पुढच्या अक्षराप्रमाणे त्याचा म, न, ङ होतो. जपानी 'न्' अगदी असाच वागतो, म्हणून वर्तमानपत्राला शिम्बुन. 'संवाद' म्हणताना जीभ कुठेच टेकत नाही, नुसता नाकातून स्वर जातो. फोनसाठीचा 'देंवा' तसाच म्हणायचा. इंग्रजीतून शिकणारे इथे ठाम न् लावतात आणि शब्द अडकतो.

आता अवघड भाग, आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ देते: मात्रा. शाळेत लघु-गुरू मोजलेत ना? जपानी भाषा त्याच हिशेबावर चालते. लघूची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, जोडाक्षरामागच्या अक्षराच्याही दोन. 'किते' म्हणजे ये, दोन मात्रा. 'कित्ते' म्हणजे टपालाचं तिकीट, तीन मात्रा. मधल्या त् वर एक पूर्ण ठोका थांबायचं. 'बिरु' म्हणजे इमारत, 'बीरु' म्हणजे बिअर. 'ओबासान' मावशी-काकू, 'ओबाआसान' आजी. आपल्याला सख्खा आणि सखा यांतला फरक ऐकू येतो, त्यामुळे कित्ते लवकर जमतं. घोटाळा होतो तो आ, ए, ओ मध्ये. आपल्याकडे हे तिन्ही कायम गुरू. जपानीत ते लघुही असतात. शिवाय शब्दाच्या शेवटची इ आणि उ आपण आपोआप लांबवतो. सुशी असं नाही, सुशि. शेवट तोडायचा.

वर्गात आम्ही हे बाकावर बोटाने वाजवून करतो. तो-ओ-क्यो-ओ, चार ठोके, चारही सारख्या अंतराने. सा-प्-पो-रो, चार. पहिल्या पहिल्यांदा दुसरा ठोका रिकामा जातो म्हणून मुलं घाईने पुढे उडी मारतात. तो ठोका रिकामाच वाजवायचा असतो, ओठ मिटलेले ठेवून. हात थांबला नाही की जीभही थांबत नाही, म्हणून बोट सोडू नका.

सुरांचा चढ-उतार नंतर बघा, पण बघाच. टोकियोच्या बोलीत 'आमे' वरून खाली आला तर पाऊस, खालून वर गेला तर गोळी-चॉकलेटमधली गोळी. टोकियो विद्यापीठाचा ओजॅड नावाचा मोफत ऑनलाइन कोश आहे, त्यात शब्दावर रेघ काढून सूर दाखवतात. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत बोलण्याचा भाग नसतो, त्यामुळे वरच्या पातळ्या पास झालेलेही इथे कच्चे राहतात.

कोरियनसाठी आधी लिपी शिका. सेजोंग राजाने ती १४४३ मध्ये तयार केली, १४४६ मध्ये जाहीर केली, आणि मूळ व्यंजनांचे आकार जीभ, ओठ, दात, घसा यांवरून घेतले. न च्या अक्षरात जिभेचं टोक वर टेकलेलं दिसतं. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्णमाला पाठ असलेल्याला ती परकी वाटत नाही.

कोरियनमध्ये क चे तीन प्रकार, त चे तीन, प चे तीन. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरा. ख म्हणा, पट्टी उडते: हा महाप्राण प्रकार. क म्हणा, जवळजवळ हलत नाही: घसा किंचित आवळला की हाच त्यांचा घट्ट प्रकार, ज्यासाठी इंग्रजी बोलणारे महिनोन्‌महिने धडपडतात. आपल्याला नवा आहे तो तिसरा, सैल प्रकार. शब्दाच्या सुरुवातीला त्यात थोडी हवा सुटते आणि सूर खालून सुरू होतो. दोन स्वरांच्या मध्ये तो सरळ ग, द, ब होतो. 'कागु' म्हणजे फर्निचर. लिहिताना दोन्हीकडे अक्षर एकच. सोलची तरुण मुलं तर सैल आणि महाप्राण यांतला फरक मुख्यतः सुरावर करतात, तेव्हा हवेपेक्षा सुराकडे कान द्या.

स्वरांत दोनच नवे. ऑफिसमधला ऑ घ्या आणि ओठांचा गोल काढून टाका, हा एक. ई म्हणताना ओठ ताणतो तसे ताणून उ म्हणा, हा दुसरा. ए दोन लिहितात, पण आज सोलमध्ये बहुतेक लोक ते एकसारखेच बोलतात. त्यात वेळ घालवू नका. शब्दाच्या शेवटी प, त, क आले तर तोंड बंद करून तिथेच थांबा, हवा सोडू नका.

आणि व्यंजनसंधी! दहावीला संस्कृत घेतलेल्यांचे डोळे इथे चमकतात. वाक् + मय = वाङ्मय; कोरियनमध्ये गुक + मुल मिळून 'गुङमुल', सूपचं पाणी. जगत् + नाथ = जगन्नाथ; तसंच क्कुत + नादा मिळून 'क्कुन्नादा', संपणे. वाक् + ईश = वागीश; हान्गुक पुढे ऑ आला की 'हान्गुगऑ', कोरियन भाषा. 'हाप्निदा' लिहून 'हाम्निदा' का म्हणतात हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

सरावाला रोज एकच वाक्य घ्या, आपल्या गावाचं. जपानीत 'नाआशिकु कारा किमाश्ता', नाशिकहून आलोय. नाआशिकु चार मात्रा, शि मधली इ नुसती कुजबुजलेली. कोरियनमध्ये 'नाशिखु-एसॉ वास्सुम्निदा', खु म्हणताना ओठ ताणलेले. फोनवर रेकॉर्ड करा, कानाला लावून ऐका, आणि बोटाने मात्रा मोजा. नाआशिकुच्या चार भरल्या नाहीत तर त्या दिवशी पुढचा शब्द घेऊ नका.