प्रभूच्या मेजाकडे येण्याआधी

पुण्यातल्या आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दृढीकरणाचा वर्ग मी चौदा वर्षं घेतेय. बाप्तिस्मा झालेली मुलं जाणती झाली की आपला विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करतात आणि मग प्रभुभोजन घेऊ लागतात, ते दृढीकरण. नातवंडाचा बाप्तिस्मा ठरला की आज्या मलाच विचारायला येतात.

झबलं, केक, हॉल सगळं करा, आनंदाचाच दिवस आहे. पण त्याआधी एका रात्री जेवणं झाल्यावर आईबाप आणि धर्मपिता-धर्ममाता, म्हणजे बाळाला विश्वासात वाढवायची जबाबदारी घेणारे, एकत्र बसा. पाळकसाहेब जे प्रश्न विचारणार आहेत, ते मोठ्यानं वाचा. बाळाच्या वतीनं उत्तरं तुम्ही देणार आहात. धर्ममाता परदेशातली मावशी असली तरी चालेल, पण रविवारी पोराला हाताला धरून देवळात आणणारं कुणीतरी जवळचं हवंच.

पाणी साधं नळाचंच असतं. थंडीत मी ते जरा कोमट करून ठेवते. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, असं तीनदा ते कपाळावर पडतं. प्रेषित पौल बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात सांगतो, हे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि नव्या जीवनात चालणं आहे. म्हणून बाप्तिस्मा एकदाच. बाळपणी घ्यावा की जाणतेपणी, यावर मंडळ्यांत मतभेद आहेत. 1970 साली नागपुरात उत्तर भारत मंडळी स्थापन झाली, तेव्हा तिनं दोन्ही रीती मान्य केल्या. आणि बाप्तिस्म्यानं प्रश्न संपतात असंही नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही त्या त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीबद्दल, पत्रांतून वाद घालत राहिल्या. मी मुलांना हे मुद्दाम सांगते.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि प्याला, मात्र पुन्हा पुन्हा घ्यायचं. उजवा तळवा डाव्यावर ठेवा, भाकर चिमटीत धरू नका. हे पाच मिनिटांत जमतं. अवघड आहे ते आदल्या दिवसाचं काम. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल आधी स्वतःची पारख करायला सांगतो, आणि येशू म्हणतो, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी समेट कर.

सासऱ्यांच्या खोलीवरून माझं आणि जाऊबाईंचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. दर महिन्याला मी प्याला ओठाला लावत होते आणि घशाखाली उतरत नव्हता. शेवटी एका शनिवारी पीएमटीनं हडपसरला गेले. त्यांनी दार उघडलं, क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, “चहा टाकते.” खोलीचा विषय त्या दिवशी निघाला नाही. दुसऱ्या दिवशी देवळात त्या वेदीपुढच्या कठड्याशी माझ्या शेजारी गुडघे टेकून होत्या. तेव्हापासून वर्गातल्या मुलांना मी शनिवारची संध्याकाळ मोकळी ठेवायला सांगते. कुणाकडे जायचं, ते मी विचारत नाही.

ज्यांचं दृढीकरण झालेलं नाही त्यांनीही बाकावर बसून राहू नये. हात छातीशी धरून पुढे या, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. तान्ह्या बाळालाही आणा.