करंगळीला मुंग्या येतात? मग कोपर रगडू नका

नागपूरच्या इतवारीतले एक काका परवा आले. दिवसभर गल्ल्यावर कोपर टेकून बसायची सवय. करंगळी आणि तिच्या बाजूचं अर्धं बोट बधिर. महिनाभर त्यांनी कोपराखाली करकचून पट्टा बांधला आणि रोज गरम तेलानं आतल्या हाडामागे रगडलं. दोन्ही मनापासून केलं, आणि दोन्हीनं त्रास वाढला.

तो पट्टा टेनिस एल्बोचा. ते दुखणं कोपराच्या बाहेरच्या बाजूचं. इथं दबते ती अल्नर नस, आतल्या हाडामागच्या अरुंद जागेतून जाणारी. कोपर आपटल्यावर करंट लागतो तो हिचाच. कातडीच्या इतक्या जवळ असलेल्या नसेवर आणखी दाब कशाला द्यायचा?

खरी चूक रात्री होते. हात दुमडून उशीखाली घालून झोपलं की नस तासन् तास ताणलेली राहते. साधा टॉवेल कोपराभोवती सैलसर गुंडाळा, म्हणजे हात पूर्ण दुमडणार नाही. अगदी सरळही नको, 30 ते 45 अंश वाकलेला चालतो. आपल्याकडे मे महिन्यात टॉवेल कूलरसमोरही नकोसा होतो, तेव्हा सुती पंचा घ्या, पण सोडू नका. चार रात्रींत गुण येत नाही म्हणून बरेच जण इथंच थांबतात. याला आठवडे लागतात, कधी तीन महिनेही.

दिवसा फोन कानाला धरून बसू नका, इअरफोन वापरा. टेकायची जागा मऊ करा.

नसेचे व्यायाम शिकूनच करा. स्नायूसारखं जोरात ताणलं तर मुंग्या वाढतात. गोळ्यांनी दुखणं कमी होतं, दाब तसाच राहतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन इथं सहसा देत नाहीत, नसेला इजा होऊ शकते.

अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोल गेला, शर्टाचं बटण लावता येईना, तर घरगुती उपाय थांबवा. लगेच हाताच्या सर्जनला दाखवा.

आणि विदर्भात एक गोष्ट विसरून चालत नाही. कुष्ठरोगातही हीच नस जाड होते. अंगावर बधिर चट्टा असेल तर लाजू नका, सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं. काकांच्या अंगावर चट्टा नव्हता. अशा मुंग्या मानेमुळे किंवा साखरेमुळेही येऊ शकतात, म्हणून मान तपासली, आणि साखर बघायला त्यांना लॅबमध्ये पाठवलं.