हिवाळ्यातलं टोकियो, निवांतपणे

डिसेंबरात टोकियोत साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. जानेवारीच्या अखेरीस हीच वेळ पाचच्या थोडी पुढे सरकते. बेत आखायला बसाल तेव्हा आधी हे गणित मांडा. दुकानं आणि संग्रहालयं साधारण दहाला उघडतात, म्हणजे उन्हाचे जेमतेम सहा-सात तास हाती येतात. त्यात शहराच्या चार टोकांची चार ठिकाणं कोंबली, तर निम्मा दिवस स्टेशनांच्या जिन्यांवर जातो. त्यापेक्षा दिवसाला एकच परिसर घ्या. सकाळी उन्हात चालायचं, दुपारी उबेला बसायचं आणि अंधार पडला की उंचावरून शहराचे दिवे बघायचे, नाहीतर गरम पाण्यात शिरायचं.

कधी जावं

29 डिसेंबर ते 3 जानेवारी हे दिवस शक्यतो टाळा. नववर्षाच्या सुट्टीत बरीच संग्रहालयं, बागा आणि छोट्या खाणावळी बंद असतात. मेजी जिंगू देवळात मात्र पहिल्या तीन दिवसांत तीसेक लाख लोक दर्शनाला येतात. नववर्षाचा सोहळाच बघायचा असेल तर गोष्ट वेगळी.

निवांतपणासाठी जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर हा काळ उत्तम. हवा कोरडी असते, आकाश निरभ्र असतं आणि सकाळी उंच इमारतींवरून फुजी पर्वत दिसण्याची शक्यता वर्षात सर्वांत जास्त असते. फेब्रुवारीत बागांमध्ये उमे, म्हणजे तिथला प्लम, फुलतो. दुपारी तापमान 10 अंशांच्या आसपास राहतं, पहाटे एक-दोन अंशांवर येतं. बर्फ क्वचितच पडतो, पण काही सेंटिमीटर पडला तरी गाड्यांचं वेळापत्रक कोलमडतं. अंदाजात बर्फ दिसला तर त्या दिवशी विमानतळासाठी दोन तास आधी निघा.

कपडे

एकच जाडजूड स्वेटर घालून निघालात की फसलात. गाड्यांत सीटखाली हीटर असतात, दुकानांतही चांगलीच ऊब असते. आत घाम येतो, आणि बाहेर पडल्यावर तोच घाम गार होऊन हुडहुडी भरते. म्हणून तीन थर ठेवा: अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचं काहीतरी, वर वारा अडवणारं जाकीट. मधला थर पिशवीत सहज मावेल इतका पातळ हवा. कानटोपी आणि हातमोजे संध्याकाळच्या वाऱ्यासाठी लागतात.

औषधांच्या दुकानात काइरो नावाच्या उबेच्या पुड्या मिळतात. आतल्या लोखंडाच्या भुकटीला हवा लागली की ती तापते आणि ऊब कित्येक तास टिकते. चिकटवायचा काइरो थर्मलच्या बाहेरून कमरेवर लावा, त्वचेवर कधीही लावू नका आणि लावून झोपू नका. चटका जाणवत नाही, तरी हळूहळू त्वचा भाजते.

हॉटेलच्या खोलीत रात्रभर हीटर चालला की घसा आणि ओठ सुकतात. काउंटरवर ह्युमिडिफायर मागा. नसला तर टॉवेल ओला करून पिळा आणि पलंगाजवळ टांगा.

येणं-जाणं

उएनो किंवा असाकुसा भागात राहणं सोयीचं आहे. नारिता विमानतळाहून स्कायलायनर ही गाडी थेट उएनोला येते, आणि हानेदा विमानतळाहून काही गाड्या थेट असाकुसापर्यंत जातात. वेलकम सुइका हे पर्यटकांसाठीचं, आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड 28 दिवस चालतं आणि त्याला अनामत लागत नाही. पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून एका वेळी दोन हजार येनच भरा. स्टेशनवरच्या बऱ्याच मशीनमध्ये पैसे भरायला रोख लागते. मेट्रोचा 24, 48 किंवा 72 तासांचा पास पहिल्यांदा वापरल्यापासून मोजला जातो, त्यामुळे दुपारी सुरू केला तरी नुकसान नाही. फक्त तो जेआर, म्हणजे जपान रेल्वेच्या गाड्यांवर, उदाहरणार्थ यामानोते मार्गावर, चालत नाही.

मोठ्या स्टेशनांत खरा वेळ जातो तो चुकीच्या दारानं बाहेर पडल्यामुळे. नकाशात स्टेशनच्या नावासोबत बाहेर पडायच्या दाराचा क्रमांकही बघून ठेवा. सकाळी साडेसात ते नऊ प्रचंड गर्दी असते. तेवढ्या वेळात नाश्ता उरका.

कुठे रेंगाळावं

यानाकापासून सुरुवात करा. 1923 चा भूकंप आणि 1945 चे बाँबहल्ले यांतून हा भाग बराचसा वाचला, म्हणून जुन्या गल्ल्या आणि लाकडी घरं इथे अजून आहेत. निप्पोरी स्टेशनच्या पश्चिमेकडून बाहेर पडा, स्मशानभूमीतल्या झाडांखालून चाला, पायऱ्या उतरून यानाका गिंझा या छोट्या बाजारात या आणि पुढे 1706 साली बांधलेल्या नेझू देवळाकडे जा. रेंगाळत गेलात तर तीन तास लागतात. तिथून उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय चालण्याच्या अंतरावर आहे, मात्र ते सोमवारी बंद असतं.

जिंबोचो म्हणजे जुन्या पुस्तकांची पेठ. बहुतेक दुकानं रस्त्याच्या दक्षिण बाजूला, उत्तरेकडे तोंड करून आहेत, म्हणजे पुस्तकांवर थेट ऊन पडत नाही. जपानी वाचता येत नसलं तरी जुने नकाशे आणि छापचित्रं चाळण्यात दुपार सरते. रविवारी अनेक दुकानं बंद असतात. गल्ल्यांमध्ये किस्सातेन, म्हणजे जुनी कॉफीगृहं आहेत. तिथे एका कपावर तासभर बसलात तरी चालतं, पण काहींमध्ये फक्त रोख घेतात. पाय शाबूत असतील तर तिथून कोइशिकावा कोराकुएन बागेत जा. 1629 सालची ही बाग 300 येनात बघता येते. पाचला बंद होते आणि साडेचारनंतर आत सोडत नाहीत.

15 आणि 16 जानेवारीला टोकियोत असाल तर सेतागायाचा बोरोइची चुकवू नका. 1578 साली सुरू झालेला हा बाजार आजही भरतो. जुने किमोनो, भांडी, कुंड्या, काय वाट्टेल ते मिळतं. सकाळी नऊला पोचा, दुपारी चालायलाही जागा राहत नाही.

अंधार पडल्यावर

शिंजुकूच्या महानगर सरकारी इमारतीच्या 45व्या मजल्यावरून, 202 मीटर उंचीवरून, शहर फुकट बघता येतं. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी रांगेत लागा. आकाश स्वच्छ असेल तर पश्चिमेला फुजीची काळी आकृती दिसते.

त्यानंतर सेंतो. वस्तीतलं हे सार्वजनिक स्नानगृह साधारण 550 येनात मिळतं आणि हिवाळ्यात याहून मोठं सुख नाही. बूट दारातल्या खणात ठेवा, पैसे द्या. बहुधा निळा पडदा पुरुषांचा, लाल स्त्रियांचा, पण शंका असेल तर विचारा. सगळे कपडे काढावे लागतात, पोहण्याचा पोशाख चालत नाही. स्टुलावर बसून साबणानं अंग स्वच्छ धुवा, फेस पूर्ण काढा, मगच कुंडात उतरा. केस बांधून घ्या. छोटा टॉवेल डोक्यावर ठेवा, पाण्यात बुडवू नका. पाणी 42 अंशांच्या आसपास असतं. पहिल्यांदा पाच मिनिटं पुरे. रिकाम्या पोटी किंवा भरपेट जेवून उतरलात तर चक्कर येते. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कामाता भागातल्या काही सेंतोंमध्ये जमिनीतून येणारं पाणी कोऱ्या चहासारखं काळपट असतं, तेही जरूर अनुभवा. 22 डिसेंबरच्या सुमाराला पाण्यात युझू लिंबं सोडतात.

खाणं

व्हेंडिंग मशीनमध्ये लाल पट्टीखालचं पेय गरम, निळ्या पट्टीखालचं गार. गरम चहाची बाटली हातालाही ऊब देते. ओदेन (रश्श्यात मंद शिजवलेले मुळा, अंडी वगैरे) आणि नाबे (टेबलावरच्या भांड्यात उकळतं सूप) हे हिवाळ्याचे खास पदार्थ. भाजलेलं रताळं सुपरमार्केटात मिळतं.

शाकाहारी असाल तर दाशी लक्षात ठेवा. भाज्यांच्या सूपात आणि उदोन नूडल्सच्या रश्श्यातही बहुधा वाळवलेल्या माशाचा हा अर्क असतो, त्यामुळे "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. "निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन, दाशी मो" असं सांगा: मांस, मासे आणि दाशीसुद्धा चालत नाही. बौद्ध मठांच्या परंपरेतलं शोजिन र्योरी हे जेवण शाकाहाऱ्यांना सर्वांत सोयीचं, पण त्याचं आगाऊ आरक्षण करा. दमलेल्या रात्री डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातून जेवण बांधून घ्या. बंद व्हायच्या शेवटच्या तासात अनेक डब्यांवर सवलतीचे स्टिकर लागतात.

वीज 100 व्होल्ट आहे आणि पिना दोन चपट्या, म्हणून ॲडॉप्टर जवळ ठेवा. परतीच्या वेळी जड बॅग ओढत गाड्या बदलायच्या नसतील, तर हॉटेलमधूनच ताक्क्युबिन या सामान पोचवणाऱ्या सेवेनं ती विमानतळावर पाठवा. दोन दिवस आधी काउंटरवर विचारून कधी द्यायची ते ठरवा. पासपोर्ट, औषधं आणि जाकीट मात्र बॅगेत जाऊ देऊ नका.