पावसाळ्यात कुंड्या बल्कांवात घेताना
गोव्यात कुंडीतल्या झाडांची खरी कसोटी थंडीत नव्हे, तर जून ते सप्टेंबरच्या पावसात लागते. अडेनियम, निवडुंग, कोरफड यांसारख्या पाणी साठवणाऱ्या झाडांची मुळे सतत ओल्या मातीत हवेअभावी कुजतात. म्हणून मृगापूर्वीच त्यांच्या कुंड्या बल्कांवात (गोव्यातल्या घरांपुढच्या छपराच्या ओसरीत) किंवा पडवीत, भरपूर उजेड मिळेल पण पावसाची झड पोहोचणार नाही अशा जागी घ्याव्यात. आत घेण्याआधी पानांची मागची बाजू आणि देठांचे बेचके नीट पाहावेत. तेथे कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास तो पिठ्या ढेकूण समजावा, ओल्या फडक्याने पुसून काढावा आणि ती कुंडी काही दिवस वेगळी ठेवावी. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे आणि ओल लागली तर पाणी मुळीच घालू नये. अडेनियमचा बुंधा अधूनमधून दाबून पाहावा; तो मऊ लागल्यास झाड लगेच उपटून कुजलेला भाग निरोगी गर दिसेपर्यंत कापावा आणि जखम पूर्ण सुकल्यावरच ते नव्या, कोरड्या मातीत लावावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डासांना तेवढे पुरते. ऑक्टोबरमध्ये कुंड्या बाहेर काढताना सुरुवातीला फक्त सकाळचे ऊन द्यावे, कारण सावलीला सरावलेली पाने दुपारच्या उन्हात करपतात.