फायरफॉक्समध्ये साईट चालत नाही? आधी या चुका टाळा

चवथीच्या आधी डिचोलीत आमच्या शेजारच्या काकूंनी हाक मारली, अरे जरा बघ रे, नातवाच्या क्लासची फी भरायला बसलेय तर बटण दाबलं की काहीच होत नाही. फायरफॉक्स हा ब्राऊजर मीच घालून दिलेला, त्यामुळे धावत गेलो. काकूंनी बटण पाच वेळा दाबलं होतं. ही पहिली चूक, आणि सगळ्यात महागडी. पैशाचं पान अडकलं की परत दाबू नका, आधी बँकेचा मेसेज आला का बघा, खातं बघा, मगच पुढचं. काकूंचे पैसे कापले गेले नव्हते कारण बँकेचं पान नव्या खिडकीत उघडणार होतं आणि फायरफॉक्सने ती पॉपअप म्हणून अडवली होती. वर एक बारीक पट्टी आलेली, तिकडे त्यांचं लक्षच नाही. त्या साईटला परवानगी दिली, फी भरली गेली.

दुसरी चूक म्हणजे साईट अडली की लगेच सगळी हिस्ट्री आणि कुकीज (साईट आपल्याला ओळखायला साठवतात त्या बारीक फायली) पुसून टाकणं. मग सगळीकडून लॉगआऊट होता आणि पासवर्ड आठवत बसता. पत्त्याच्या शेजारच्या कुलपावर क्लिक करून फक्त त्या एका साईटच्या कुकीज काढता येतात, तेवढ्याने बऱ्याचदा भागतं. त्याआधी कंट्रोल, शिफ्ट, आर एकदम दाबून पान नव्याने लोड करून बघा.

आता मुख्य गोष्ट. बरेचदा दोष ब्राऊजरचा नसतो, आपणच घातलेल्या, जाहिराती अडवणाऱ्या अ‍ॅडब्लॉकरचा किंवा ट्रॅकिंग, म्हणजे साईटनी आपला माग काढणं, रोखणाऱ्या ढालीचा असतो. पत्त्याच्या डाव्या बाजूला ढालीचं चिन्ह असतं, तिथून त्या साईटपुरतं संरक्षण बंद करा, सगळीकडचं नको, आणि काम झालं की परत चालू करा, हे लोक हमखास विसरतात. दोष कुठे आहे ते शोधायला लोक प्रायव्हेट विंडो उघडतात, ते ठीक, पण तिथे ब्राऊजरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम म्हणजे अ‍ॅड-ऑन सहसा बंद असले तरी ट्रॅकिंगची अडवणूक उलट जास्त कडक असते, म्हणून तिथेही साईट पडली तर निष्कर्ष काढू नका. हेल्प मेनूत ट्रबलशूट मोड आहे, त्यात अ‍ॅड-ऑन बाजूला ठेवून फायरफॉक्स परत सुरू होतो. तिथे साईट चालली तर मग एकेक अ‍ॅड-ऑन बंद करत चोर पकडायचा.

क्रोम असल्याचं सोंग घेणारं अ‍ॅड-ऑनही मिळतं. काही साईट नुसतं ब्राऊजरचं नाव बघून दार लावतात, तिथे ते चालतं. पण कायमचं चालू ठेवलंत तर धड चालणाऱ्या साईटसुद्धा बिघडू शकतात, शिवाय साईटवाल्यांना वाटतं की फायरफॉक्स कोणी वापरतच नाही.

आणि क्रोममध्येही साईट चालत नाही म्हणून ब्रेव्ह, एज, ओपेरा, विवाल्डी असं फिरत बसू नका, हे सगळे आतून क्रोमियमच, म्हणजे क्रोमचाच पाया, एजसुद्धा 2020 पासून. वेगळं इंजिन, म्हणजे पान दाखवणारा आतला भाग, हवं तर फायरफॉक्सचं गेको किंवा सफारीचं वेबकिट. भारतात आयफोनवर मात्र फायरफॉक्सही आतून वेबकिटच असतो, तेव्हा फोनवर चाललं म्हणून कॉम्प्युटरवर चालेलच असं नाही.

सगळं करूनही अडलं तर तेवढ्या कामापुरता दुसरा ब्राऊजर उघडा, त्यात कमीपणा नाही. पण फायरफॉक्स काढून टाकू नका. मेनूत बिघडलेली साईट कळवायची सोय आहे, तिथे दोन ओळी लिहा, साईटवाल्यांनाही एक मेल टाका. मला हे मनापासून महत्त्वाचं वाटतं, कारण इंटरनेट एक्सप्लोररच्या दिवसांत साईट त्या एकाच ब्राऊजरसाठी बनायच्या, आणि तो 2022 मध्ये बंद झाल्यावरही जुन्या कामांसाठी एजमध्ये त्याचा वेगळा मोड ठेवावा लागला. काकूंच्या क्लासवाल्यांना मी मेल टाकलाय, पॉपअपऐवजी त्याच पानावर बँक उघडा म्हणून.