शाखा तीन, खातेदार एक: सीमाभागातल्या सहकारी बँकेने मनी लाँडरिंगवर नजर कशी ठेवावी

निपाणी शाखेत 4 लाख, चिक्कोडीत साडेतीन, बेळगावात 3 लाख. तिन्ही कॅशियरना आपापल्या काउंटरवर काहीच वावगे दिसत नाही. पण पैसे भरणारा एकच असेल आणि महिनाही तोच असेल, तर बेरीज साडेदहा लाख होते. एकमेकांशी जोडलेल्या रोख व्यवहारांची महिन्याची बेरीज 10 लाखांवर गेली, की त्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत दिल्लीच्या एफआययू-इंडियाकडे, म्हणजे संशयास्पद पैशांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यालयाकडे, जायलाच हवा. मनी लाँडरिंग, म्हणजे काळा पैसा पांढरा करणे, रोखणारा 2002 चा पीएमएलए कायदा शाखा बघत नाही, जबाबदारी अख्ख्या बँकेवर टाकतो.

म्हणून सुरुवात ग्राहक आयडीपासून करा. आपल्या भागात गाडी इथेच अडते. कर्नाटकातल्या बऱ्याच कागदांवर नावाला आद्याक्षरे जोडलेली असतात, तर गडहिंग्लज-चंदगडकडच्या कागदांवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे सगळे असते. त्यात कन्नडवरून इंग्रजीत आलेले स्पेलिंग निराळे. मग एकाच माणसाचे दोन आयडी तयार होतात आणि सॉफ्टवेअर त्यांची बेरीज करत नाही. जुळणी पॅन, जन्मतारीख आणि मोबाइल नंबरवर करा, नुसत्या नावावर विसंबू नका. दोन आयडी सापडले तर एकत्र करा आणि मागच्या महिन्यांची बेरीज पुन्हा काढा. भागीदारी फर्म असेल तर 10 टक्क्यांहून जास्त वाटा असलेल्या प्रत्येकाची ओळख घ्या. सही करणारा आणि खरा मालक वेगळे असू शकतात.

आता उत्पन्नाकडे वळू. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे रोख कुठून आली विचारले की ‘उसाचे पैसे’ हे उत्तर तयार असते. खातेदार दुखावला जाईल म्हणून पुढे विचारायला मॅनेजर कचरतो. पण हिशेब सोपा आहे. जमिनीचा उतारा मागा आणि त्यावर क्षेत्र किती, पीक कोणते ते बघा. 2 एकर ऊस, एकरी 40 टन धरला तर 80 टन. 2024-25 च्या एफआरपीने (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर), म्हणजे सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,400 रुपये, हे 2 लाख 72 हजार होतात, तेही तोडणी-वाहतूक वजा न करता. अशा खात्यात वर्षाला 15 लाख रोख भरली जात असेल तर खुलासा हवाच. शिवाय कारखान्याचे बिल खात्यावर जमा होते, नोटांनी येत नाही. गूळ, तंबाखू किंवा जनावरांच्या बाजारातली रोकड खरी असू शकते. तिथे विक्रीची पट्टी किंवा पावती मागावी आणि हंगामाशी ताळा घालावा.

खुलासा पटला नाही तर संशयास्पद व्यवहाराचा अहवाल द्यायचा. त्याला रकमेची कुठलीही मर्यादा नाही, आणि चौकशी सुरू होताच स्लिप परत घेऊन निघून गेलेला माणूसही त्यात येतो. कॅशियरने काय पाहिले ते त्याच दिवशी लेखी लिहून हेड ऑफिसच्या प्रिन्सिपल ऑफिसरकडे, म्हणजे हे अहवाल पाठवायची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवावे. निर्णय त्याचा, आणि संशय पक्का झाल्यावर अहवाल विनाविलंब जायला हवा. बहुतेक ठिकाणी शाखा आणि हेड ऑफिसमधला हा दुवाच तुटतो, कारण मॅनेजर फोनवर सांगून मोकळा होतो आणि कागद कुठेच राहत नाही. अहवालात ‘व्यवहार संशयास्पद वाटतो’ एवढेच लिहू नका. तारखा, रकमा, शाखा, खातेदाराने दिलेले उत्तर आणि ते का पटले नाही, हे सगळे लिहा. खातेदाराला याचा सुगावा लागता कामा नये. संचालकाच्या ओळखीचा असला तरीही नाही.

भाड्याने दिलेली, म्हणजे दुसऱ्याला पैसे फिरवायला वापरू दिलेली खाती हा सध्याचा मोठा धोका आहे. कॉलेजच्या पोराचे खाते, शिल्लक तीन-चारशे, अचानक यूपीआयने लाखभर येतात आणि तासाभरात एटीएममधून निघून जातात. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवरच्या तक्रारीनंतर दुसऱ्या राज्याच्या पोलिसांचे पत्र आले, तर वादातली रक्कम रोखायची आहे की सगळे खाते, हे नीट वाचून मगच करा. घाईत पूर्ण खाते गोठवले तर निर्दोष दुकानदाराचाही धंदा ठप्प होतो. आणि पोलिसांकडे प्रकरण आहे म्हणून आपला अहवाल टळत नाही.

व्यवहाराच्या नोंदी व्यवहारापासून 5 वर्षे, ओळखीचे कागद खाते बंद झाल्यापासून 5 वर्षे ठेवायचे. सॉफ्टवेअरने दिलेला अलर्ट तपासून सोडून दिला असेल तर त्याचे कारणही सहीनिशी त्याच फाइलला लावा.